डिजिटल दरी : सेंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर परत परत येणारे प्रश्न

सहा वर्षं अकोले तालुक्यात सेवा केंद्र चालवलं. आता बंद केलंय, पण नंबर लोकांकडे आहे त्यामुळे प्रश्न काही थांबले नाहीत. कुणी अडकलेल्या फॉर्मचं विचारतं, कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी "सर डिजिटल दरीवर दोन पानं द्या ना" म्हणतं, पुण्यातले एक काका तर निव्वळ वाद घालायला फोन करतात. तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतोय. फी, तारखा, नियम सारखे बदलतात, तेव्हा जायच्या आधी एकदा चौकशी करून निघा.

१. डिजिटल दरी म्हणजे नेमकं काय? आता तर मजुराच्या खिशातपण मोबाईल असतो की!

असतो, मान्य. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि त्यानंतर फोन नसलेलं घर शोधावं लागतं. 'असर' या शिक्षणावरच्या पाहणीत, २०२४ च्या फेरीत, ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. पण फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींना 'तो तुझा स्वतःचा आहे का' विचारलं तेव्हा हो म्हणणारे मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्क्यांच्या आसपास. गोम इथेच आहे. फोन घरात असणं वेगळं, हातात असणं वेगळं, सिम आपल्या नावावर असणं वेगळं, तोच नंबर आधारला असणं वेगळं, आणि आलेल्या मेसेजमध्ये इंग्रजीत काय लिहिलंय ते कळणं तर अजूनच वेगळं. यातली एक पायरी जरी निखळली तरी सिस्टिमच्या लेखी तुम्ही नाहीच. मला विचाराल तर आमच्याकडची दरी आता फोनची राहिली नाहीये, ओटीपीची आहे. पूर्वी कागद सरकारी टेबलावर अडायचा, आता तो आपल्याच हातात अडतो आणि वर "तुमचंच काहीतरी राहिलंय" असं ऐकून घ्यावं लागतं.

२. गावात टॉवर आला की प्रश्न मिटेल ना?

थोडा मिटेल. रेंजच नसेल तर बाकीच्या गप्पा फुकट, हे खरंच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावच्या एका मुलीनं रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून घेतली आणि भर पावसात तिथे बसून पशुवैद्यकीयची लेक्चर्स केली, ती बातमी आठवत असेल. २०२२ च्या जुलैत केंद्रानं रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवायची योजना मंजूर केली, म्हणजे तोवर किती गावं कोरडी होती ते बघा.

पण नुसत्या टॉवरनं काय होतं ते बघायचं तर मेळघाटातलं हरिसाल बघा. २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला, जाहिरातीसुद्धा झाल्या, आणि २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत तिथली जाहिरातीशी न जुळणारी परिस्थिती भर सभेत पडद्यावर दाखवली. त्याही आधी १९९८ मध्ये वारणानगरला साखर कारखान्याच्या परिसरातली ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प झाला होता, त्या काळात ही फार मोठी उडी होती. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन बघितलं तर शेतकरी त्या कॉम्प्युटरवर मुख्यतः आपल्या उसाचं वजन आणि बिल बघत होते, एवढंच. मग काही गावांत तो कॉम्प्युटर काढून साधे एसएमएस सुरू केले आणि काम स्वस्तात भागलं. मला हा किस्सा फार आवडतो, कारण लोकांना काय हवंय हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

आणि हो, लाईट. टॉवरला पण लाईट लागते. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की अर्ध्या तासात रेंज पण जाते, बॅटरी बॅकअप वगैरे कागदावर.

३. बायकांचा मुद्दा वेगळा का काढता? दरी तर सगळ्यांनाच आहे.

सगळ्यांना आहे, सारखी नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी (२०१९-२१): देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के, बायका ३३ टक्के. महाराष्ट्र जरा बरा, पण तिथेही पुरुष ६१ च्या पुढे आणि बायका ३८.

आकडे सोडा, सेंटरवरचं सांगतो. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले तेव्हा सकाळी सातपासून रांग लागायची. कोतूळकडच्या एका पाड्यावरून एक ताई आली, कडेवर पोर, पिशवीत सगळे कागद प्लास्टिकमध्ये नीट बांधलेले, एक कागद कमी नाही. आधारला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा नारायणगावला टोमॅटोच्या गाड्या भरायला गेलेला. ओटीपी टाकला की तिकडे त्याच्या फोनवर वाजणार. पहिल्यांदा त्यानं उचललाच नाही, हात क्रेटमध्ये. दुसऱ्यांदा उचलला तर तो बँकेचा कुठला तरी मेसेज वाचून दाखवतोय. तिसऱ्यांदा सहा आकडे नीट सांगितले पण तोवर वेळ संपलेली. ताई मलाच म्हणाली, "दादा, उद्या येऊ का?" अशी ती तीन दिवस आली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे (२०२३ च्या मार्चपासून), पण बुडलेला रोज काही अर्धा होत नाही ना.

दुसरी गोष्ट, फोन हातात असला तरी तो तपासला जातो. "रिचार्ज कशाला एवढा?", "कुणाशी बोलतेस?" हे घरोघरी आहे. मुलगी जरा जास्त वेळ फोनवर दिसली की लग्नाचं बघायला सुरुवात होते, हेही बघितलंय. हे कुठल्याच पोर्टलनं सुटणार नाही.

४. आधारचा मोबाईल नंबर बंद पडलाय. आता काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आधी कारण समजून घ्या: रिचार्ज परवडला नाही, सिम काही महिने पडून राहिलं, कंपनीनं बंद केलं. बंद केलेला नंबर ९० दिवसांच्या आत दुसऱ्याला देता येत नाही असा नियम आहे, पण त्यानंतर देता येतो. म्हणजे उद्या तुमचा ओटीपी नांदेडच्या कुणा पोराला जाईल आणि तुम्ही म्हणाल मेसेज येत नाही. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवल्यावर असे बंद नंबर माझ्याकडे ढिगानं यायला लागले. घरात चार सिम होती तिथे लोकांनी दोनच जिवंत ठेवली, आणि मेलेलं सिम बहुतेक वेळा आजीचं नाहीतर बाईचंच असतं.

उपाय: आधार केंद्रात जा, मोबाईल नंबर अपडेट करायला कुठलाही कागद लागत नाही, फक्त अंगठा आणि फी. फी ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. कुणी तीनशे मागितले तर पावती मागा, आपोआप ७५ वर येतील. तालुक्याला जाणं शक्य नसेल तर पोस्टमनला विचारा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन मोबाईल नंबर जोडून देतो, ही सोय २०२१ पासून आहे आणि आमच्याकडे दहातल्या आठ जणांना ती माहितीच नव्हती. आणि नंबर जोडताना तो असा द्या जो घरी राहणाऱ्या माणसाकडे असतो. अंगठाच लागत नसेल तर प्रश्न ६ बघा.

५. बँकेत आधार दिलंय, पासबुकवर पण आहे, तरी योजनेचे पैसे या खात्यात येत नाहीत. कुठे गेले?

बहुतेक वेळा तुमच्याच दुसऱ्या खात्यात. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि आधारवर पैसे यायला खातं 'सीडिंग' केलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाती चार असली तरी सरकारी पैसे एकाच खात्यात येतात, सगळ्यात शेवटी जे सीड झालं त्यात. दहा वर्षांपूर्वी जनधनचं काढलं असेल, बचत गटाचं असेल, कुणी मेळाव्यात शून्य रुपयात उघडून दिलं असेल आणि तुम्ही विसरून गेला असाल. एका काकूंचे सहा हप्ते अशाच एका खात्यात निवांत बसले होते, त्या सहा महिने सरकारला शिव्या घालत होत्या.

आधारच्या वेबसाईटवर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दिसतं, पण तिथेही ओटीपी लागतो (म्हणजे परत प्रश्न ४). ते जमत नसेल तर बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग करायचंय' हेच शब्द वापरा (डीबीटी म्हणजे योजनेचे पैसे थेट खात्यात येणं). नुसतं 'आधार लिंक करा' म्हणालात तर ते लिंकच करतील. नाहीतर पोस्टाचं खातं उघडा, अंगठ्यावर उघडतं आणि लवकर सीड होतं.

गंमत म्हणजे देशातलं पहिलं आधार कार्ड वाटलं गेलं ते २९ सप्टेंबर २०१० ला, आणि ते पण महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत. तेव्हापासून आपण हे शिकतोच आहोत.

६. आईचा अंगठाच लागत नाही. रेशनवाला म्हणतो नाव कमी होईल. खरं आहे का?

अंगठा न लागण्यात आईचा काही दोष नाही. भात लावणी, वीटभट्टी, विड्या, भांडी, चुना, ही सगळी कामं बोटांवरच्या रेषा खातात, वय खातं ते वेगळं. आधी करायचं ते हे: हात कोमट पाण्यानं धुवून पुसून थोडं तेल चोळायचं, मशीनची काच पुसायची, आणि दहाही बोटं लावून बघायची, अंगठाच पाहिजे असं काही नाही. माझ्याकडे एका बाबांचं फक्त डाव्या हाताचं मधलं बोट चालायचं, मग ते आल्यावर तेच वर करून दाखवायचे, सगळं सेंटर हसायचं.

तरी नाही झालं तर डोळ्यांवर (आयरिस) किंवा चेहऱ्यावर पडताळणी होते, आणि आधार केंद्रात बायोमेट्रिक पुन्हा अपडेट करून मिळतं. आता नियमाचं. केवळ मशीननं ओळखलं नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, नोंदवहीत लिहून द्यायचं, असं आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. दुकानदाराला हे परिपत्रक माहिती असतंच असं नाही, आणि माहिती असलं तरी तो वरून येणाऱ्या 'ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ओळख पटवणं) किती टक्के झाली' या फोनला जास्त घाबरतो. भांडू नका, तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज तोंडी द्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

७. शेतकऱ्याला याचा पैशात काय फटका बसतो? उदाहरण द्या ना.

कांद्याचं घ्या. २०२३ मध्ये कांदा कोसळला, सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे ७०,००० रुपये. अट काय, तर सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद पाहिजे. ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलमधून पिकाचा फोटो टाकायचा. आता कांदा शेतात होता, बाजार समितीची पट्टी हातात होती, पण अ‍ॅपमध्ये नोंद नव्हती कारण ज्याच्याकडे स्मार्टफोन होता तो पोरगा पुण्यात कंपनीत. बोंबाबोंब झाल्यावर मग तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्या समितीनं खात्री करून दिलं तरी चालेल अशी सवलत आली. ज्यांच्यापर्यंत ती बातमी वेळेत पोचली त्यांना फायदा झाला. बातमी पोचणं हीसुद्धा दरीच.

एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना फार्मर आयडी लागायला लागला. ज्याची जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, वाटणी तोंडी झालीय, किंवा जो दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतो, त्यानं काय करायचं? वाटेकरी तर कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. राबतो तो, नुकसान त्याचं, नोंद मालकाची. अर्थात हे कागदाच्या काळातही होतंच, ऑनलाईननं फक्त गाळून घट्ट केलं.

चांगलं पण सांगतो नाहीतर म्हणाल रडतोच. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात घरबसल्या निघतो. त्यासाठी पूर्वी चार चकरा आणि चहापाणी लागायचं. ज्याला जमतं त्याचं खरोखर भलं झालंय.

८. सेंटरवाले लुटतात. तुम्ही पण त्यातलेच ना?

हो, त्यातलाच होतो, म्हणून सरळ सांगतो. एक रुपयात पीक विमा होता (खरीप २०२३ पासून, २०२५ मध्ये बंद झाला) तेव्हा शेतकऱ्याकडून एकच रुपया घ्यायचा होता, केंद्राला अर्जामागे ४० रुपये कंपनीकडून मिळणार होते. तरी ठिकठिकाणी शंभर-दोनशे घेतल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. दुसरी बाजू अशी की कमिशन महिनोन्‌महिने यायचं नाही, लाईटबिल, नेट, प्रिंटरची शाई दर महिन्याला, सर्व्हर रात्री दोनला चालायचा म्हणून रात्री दोनला फॉर्म भरायचे. मी जास्त घेतले का? सरकारी फीच्या वर कधी झेरॉक्सच्या नावानं दहा-वीस घेतलेत, खोटं कशाला बोलू.

तुम्ही हे करा: केंद्रात दरफलक लावणं बंधनकारक आहे, तो कुठे आहे विचारा, पावती घ्या. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक दाखल्याला दिवस ठरलेले आहेत, उशीर झाला तर अपील करता येतं. आणि एक लक्षात घ्या, जिथे ऑनलाईन सोपं असतं तिथे दलाल टिकत नाही. तो टिकलाय याचाच अर्थ फॉर्म अवघड आहे.

९. रोजगार हमीवरच्या बायकांना मोबाईल हजेरीचा त्रास होतो असं ऐकलं, खरं का?

खरं. १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या ठिकाणी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो अ‍ॅपवर टाकायची सक्ती झाली. फोटो मुकादम किंवा मेट काढतो, त्याच्या फोनला काही झालं की दिवस गेला. पूर्वी नेमून दिलेलं काम लवकर उरकलं की बाई घरी जाऊन गुरं, चूल बघायची, आता दुपारच्या फोटोसाठी बसून राहायचं नाहीतर परत यायचं. अंगणवाडी ताईंचं असंच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते, फोन गरम होऊन बंद पडायचे आणि अ‍ॅप इंग्रजीत. आता तर पोषण आहारासाठी आईचा चेहरा स्कॅन करावा लागतो. खिचडी शिजवायची का फोन धरायचा, असं एका ताईनं मला विचारलं होतं, उत्तर नव्हतं माझ्याकडे.

१०. शाळा तर सुरू झाल्या, मग मुलांचं नुकसान भरून निघालं का?

सगळ्यांचं नाही. लॉकडाऊनमध्ये मास्तरांनी आणि संस्थांनी काय काय केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे: सोलापुरात निलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, पालघरच्या जव्हार-मोखाड्यात स्पीकर लावून 'बोलकी शाळा' भरवली. मला वाटतं खरी अक्कल ती, कारण त्यात पोराकडे काय आहे इथून सुरुवात होती. पण आठवी-नववीतून जी पोरं मजुरीला गेली आणि ज्या पोरींची लग्नं लागली त्यांच्यासाठी शाळेची घंटा वाजून उपयोग नव्हता.

आताचा त्रास प्रवेशाचा. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाईन केले, त्याआधी ते फक्त मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांत होते. २१ मे ला पोर्टल उघडलं आणि पहिल्याच दिवशी झोपलं, मग २६ मे पासून सुरू. आमच्या पोरांना गावापासून सहा किलोमीटरवर एकच कॉलेज, तिथे जायचं हे आधीच ठरलेलं, तरी पसंतिक्रम भरा, फेरी बघा, ओटीपी टाका. पसंती द्यायला दुसरं काही आहेच कुठे!

११. आमच्याकडे साधा बटणाचा फोन आहे. त्यावरून पैसे पाठवता येतात का?

येतात. *९९# डायल करून, किंवा मार्च २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय १२३पे मधून कॉल करून. इंटरनेट लागत नाही, १२३पे ची मर्यादा आता एका वेळी १०,००० रुपये आहे. खरं सांगायचं तर आमच्या भागात मी फार कुणाला वापरताना बघितलं नाही, सुरुवातीला नोंदणीला डेबिट कार्ड लागतं आणि ते कपाटात कुठेतरी असतं. लोक अंगठा लावून मिनी एटीएमवर पैसे काढतात तेच चालतं. त्याचे धोके प्रश्न १२ मध्ये.

१२. नवीन लोक ऑनलाईन आले की फसवणूक वाढते. मग दूर राहिलेलंच बरं नाही का?

भीती खोटी नाही. 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये अनोळखी प्रोग्रॅम बसवते ती) गावच्याच ग्रुपवर, गावच्याच माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधी गेलेला असतो. शहरातला माणूस चार फसवणुकी वाचून शहाणा झालेला असतो, इथे पहिलाच अनुभव खात्यातले सगळे पैसे घेऊन जातो आणि मग ते घर पाच वर्षं बँकेच्या मेसेजला हात लावत नाही.

करायचं काय: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली .एपीके फाईल उघडायचीच नाही, कुणाकडूनही आलेली असो. पैसे गेले तर लाज न धरता लगेच १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त. मिनी एटीएमवर 'नाही झालं, परत अंगठा लावा' म्हणाले तर आधी पावती बघा. आणि वापर नसेल तेव्हा आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. फक्त लॉक केलंय हे लक्षात ठेवा, नाहीतर रेशनच्या दुकानात मशीन नाही म्हणेल आणि तुम्ही प्रश्न ६ वाचत बसाल.

१३. मी पुण्यात राहतो, वय ७१, सगळं मोबाईलवर करतो. लोकांनी शिकायला नको का?

काका, नमस्कार. शिकायला पाहिजेच. पण तुमची नात शेजारच्या खोलीत आहे, वायफाय आहे, चुकलं तर बँक चालत जायच्या अंतरावर आहे. आणि शहरात दरी नाही असं नाहीच. तुमच्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना गेटवरच्या अ‍ॅपमध्ये 'एंट्री' पडली नाही म्हणून वॉचमननं थांबवलेलं तुम्हीच मागे सांगितलं होतं.

२०२१ चा मे आठवा. १८ ते ४४ वाल्यांना लस फक्त कोविन या सरकारी पोर्टलवर स्लॉट बुक करून. शहरातली मंडळी लॅपटॉप उघडून बसली, दोन मिनिटांत खेड्यातल्या केंद्राचे स्लॉट गेले, आणि गाड्या घेऊन लोक आमच्याकडे लस टोचायला आले. गावचा माणूस केंद्राच्या दारात उभा राहून बघतोय. शेवटी सुप्रीम कोर्टानंही त्यावर बोट ठेवलं आणि थेट जाऊन नोंदणी करायची मुभा आली. त्या गाडीवाल्यांना लसीची गरज नव्हती असं नाही हो, पण गावच्यानं शिकायचं तरी काय होतं, कॅप्चा फास्ट भरायला?

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं तुम्ही विचारलं होतं: चेहऱ्यावरून मोबाईलवर होतो, पण बँकेत प्रत्यक्ष जाऊन पण चालतो, आणि पोस्टमन घरी येऊन पण करून देतो. बघा, तीन दारं ठेवली तर कुणी अडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

१४. ऑफिसात "ऑनलाईनच करा" म्हणून परत पाठवतात. इंटरनेट हा माझा हक्क आहे का?

थोडं कायद्याचं, मी वकील नाही. २०१९ मध्ये केरळ हायकोर्टानं इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टानं इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं याला घटनेचं संरक्षण आहे म्हटलं. आणि ३० एप्रिल २०२५ चा निकाल आमच्या कामाचा: अ‍ॅसिड हल्ल्यातल्या आणि अंध व्यक्तींना केवायसीत डोळे मिचकवायला सांगतात, ते कसे मिचकवणार, यावरून कोर्टानं डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. टेबलावर निकाल वाचून दाखवून काम होत नाही हे मलाही माहितीय. तिथे 'ऑफलाईन अर्ज घेणार नाही असं लिहून द्या' म्हणायचं. लिहून देत नाहीत, अर्ज घेतात.

१५. नवरा वारलाय, वडीलही नाहीत. ई-केवायसीत त्यांचा आधार आणि ओटीपी मागतात. कुणाचा देऊ?

लाडक्या बहिणीची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची झाली तेव्हा स्वतःचा आणि नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा असे दोन ओटीपी होते. विधवा, घटस्फोटित, टाकून दिलेल्या बायकांचं काय हे फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात आलंच नसावं. नोव्हेंबरात सुधारणा आली की स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे जमा करायचा, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पण ज्या बाईला नवऱ्यानं नुसतं सोडलंय, कोर्टाचा कागद नाही, तिचं काय? अशी एक बाई माझ्याकडे आली होती. ओटीपीसाठी तिला त्याच नवऱ्याला फोन करावा लागला, अकरा वर्षांनी. त्यानं ओटीपी दिला, आणि हप्त्यातले पाचशे मागितले. दिराचा, भावाचा ओटीपी टाकून बघू नका, नाव जुळत नाही आणि पुढे खातं संशयात येतं. कागद नसेल तर ग्रामपंचायतीकडून आणि अंगणवाडी ताईकडून लेखी घेऊन तालुक्याच्या महिला बालविकास कार्यालयात द्या, तिथली पोच जपून ठेवा.

१६. "दादा, माझा पिन तुमच्या वहीत आहे ना? सांगा बरं."

नाही, आता नाही. सेंटरवर माझी दोनशे पानी वही होती, प्रत्येकाचं नाव, पासवर्ड, पिन, कुणाकुणाचा एटीएमचासुद्धा. लोकच म्हणायचे लिहून ठेव, आम्ही विसरतो. मला त्यात चूक वाटायची नाही, उलट बरं वाटायचं की एवढा विश्वास आहे. मग एकदा वही एसटीत राहिली. डेपोत परत मिळाली, पण ते चार तास कसे गेले ते मलाच माहिती. सेंटर बंद करताना एकेकाला बोलावून पान फाडून हातात दिलं आणि पिन बदलायला लावला. एक आजी पान घेईचना, "घरात उंदरं खात्यात, तुझ्याकडंच राहू दे" म्हणे. तिला एटीएमपाशी घेऊन गेलो, नवा आकडा तिनं स्वतः ठरवला, मी पाठ फिरवून उभा राहिलो. बाहेर आल्यावर चहा घेतला आणि चहा संपायच्या आत तिनं तो मला मोठ्यानं सांगून टाकला.